साडी येईपर्यंतचा बर्फ

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत मागावर काम करणारी माणसं पायलीला पन्नास होती, पण बर्फाच्या कारखान्यात जाणारा एकटा भटूच. त्यामुळे उन्हाळा लागला की त्याला भलताच भाव यायचा. कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी माणसं भटूच्या दारात हजर. दोन लाद्या सांगून ठेव रे बाबा, सरबताचा खोळंबा नको. भटूही मग असा काही हुंकार द्यायचा की जणू तो कारखाना त्याला सासऱ्यानं आंदण दिलाय.

सासऱ्यानं कारखाना दिला नव्हता, रुक्मिणी दिली होती, आणि ती त्याला पुरून उरली होती. अमळनेरकडच्या खेड्यातली ही पोर लग्न होऊन सुरतेला आली, तेव्हा तिला नवऱ्याच्या धंद्याचं मोठं अप्रूप वाटायचं. बर्फ भुशात का ठेवतात, लोखंडाच्या पेटीत का नाही, पेटी तर केवढी मजबूत, असं ती विचारायची. भटू तिला समजावायचा, की गरमी म्हणजे आपल्या गल्लीतली बातमी. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. लोखंडाच्या घरात सगळी बोलकी माणसं, या टोकाला कळलं की त्या टोकाला पोचलंच. लाकूड मुखदुर्बळ. आणि भुसा तर असला घुम्या की त्याच्या कानात सांगितलेलं तिथंच जिरतं. रुक्मिणी तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, मग तुम्ही भुशाच्याच जातीचे, मी सांगितलेलं तुमच्या काळजापर्यंत कधी पोचलंय?

तिनं सांगितलेलं आणि त्याच्यापर्यंत न पोचलेलं म्हणजे आखाजी. खानदेशातल्या लेकीला एक वेळ दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी चुकलेली चालत नाही. भर वैशाखात भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, लेक माहेरी जाते, गौराई मांडते, झाडाला झोका बांधून मैत्रिणींबरोबर घसा बसेपर्यंत गाणी म्हणते. वर्षभराचं सासर त्या चार दिवसांत उतरून जातं. आणि नेमकी तीच अक्षय्य तृतीया सुरतेतल्या लोकांची अखात्रीज, लग्नांचा मोठा मुहूर्त. बर्फाच्या कारखान्यात तेव्हा माणसाला मान वर करायला फुरसत नसायची.

पहिली काही वर्षं रुक्मिणी गेली. धाकटा भाऊ सुकलाल न्यायला यायचा. त्याला तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं, तो तिला आक्का म्हणायचा आणि रस्ताभर तिची पिशवी हातातून सोडायचा नाही. मग एका आखाजीला भटूची दुहेरी पाळी लागली. लेक उज्ज्वला तेव्हा लहान होती. घरी डबा कोण करणार, पोरीकडे कोण बघणार, या काळजीत तो वैतागलेला असताना सुकलाल दारात उभा राहिला. भटूनं त्याला आत या म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, की यंदा नाही जमायचं, तुमच्या झोक्यापायी माझं काम बुडतं. गल्लीतली चार माणसं ऐकत होती. सुकलाल पाणीसुद्धा न पिता उंबऱ्यावरूनच माघारी गेला आणि त्यानंतर तो कधीच आला नाही.

ताप्ती लाइन नवागामच्या मागूनच जाते. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरची शिटी वाजली की रुक्मिणी हातातलं काम टाकून दाराशी जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत पोळपाटाशी येऊन बसायची. एका शब्दानं ती भटूला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दरवर्षी त्याला वाटायचं, आता आपणच जाऊन सुकलालचे पाय धरावेत, मेव्हण्यापुढं वाकल्यानं काही कमीपणा येत नाही. मग कारखान्यातून बोलावणं यायचं आणि पाय धरायचं पुढच्या वर्षावर जायचं.

मग एका वर्षी होळीनंतर रुक्मिणीला काविळीनं गाठलं. सिव्हिलच्या खेपा झाल्या, झाडपाला झाला, उतारे झाले. पोट तेवढं सुजलं आणि बाकी सगळं अंग आटत गेलं. भटूला तिच्याकडे बघून बर्फच आठवायचा. लोकांना वाटतं बर्फ वितळताना हळूहळू गरम होत जातो. तसं नसतं. शेवटचा खडा उरेपर्यंत तो होता तेवढाच गार असतो, नुसता कमी कमी होतो. रुक्मिणीही तशीच होती. उठवत नव्हतं तरी उज्ज्वलाची वेणी घातली का, भटूनं दुपारी काही खाल्लं का, दारातल्या तुळशीला पाणी मिळालं का, सगळं तिला हवं असायचं. माया तिळभर घटली नव्हती. माणूस मात्र दिवसेंदिवस कमी होत होतं.

एका संध्याकाळी तिनं भटूला जवळ बसवलं.

"सुकलालले सांगा," ती म्हणाली. "माले बाकी काही नको. माहेरनी साडी तेवढी जोयजे."

या साडीचा अर्थ खानदेशातल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. भाऊ ती घेऊन येतो, बहिणीचं तोंड बघतो आणि मग तिला उचलतात. ज्या बाईची ती साडी येत नाही, तिला माहेर नव्हतंच असं लोक धरून चालतात. असलं बोलू नकोस, तू बरी होणार आहेस, यंदाच्या आखाजीला मी स्वतः तुला घेऊन जातो, असं भटू म्हणाला. त्याला ते खरंही वाटत होतं. शेटकडे त्यानं रजेचं बोलूनही ठेवलं होतं. आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, रुक्मिणी गेली.

सुकलालच्या गावात फोन एकच, दूध डेअरीचा. भटूनं कोपऱ्यावरच्या बूथमधून तिथं निरोप ठेवला आणि थोड्या वेळानं पुन्हा लावला, तेव्हा पलीकडे सुकलाल स्वतः आलेला होता. इतक्या वर्षांनी भटूनं त्याचा आवाज ऐकला.

"मी येस," सुकलाल म्हणाला. "मी येस तोपावत आक्काले उचलू नका."

भटूनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आयुष्यात या माणसाला आपण पहिल्यांदाच हो म्हणतोय.

सुकलाल सकाळची गाडी धरणार आणि गाडी सुरतेजवळच्या उधना स्टेशनात दुपारी लागणार. रात्र आणि वर अर्धा दिवस काढायचा होता. खोलीवर पत्र्याचं छप्पर, बाहेर वैशाख. शेजारच्या मालतीबाई गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या, कितीतरी जणींना त्यांनी शेवटची आंघोळ घातलेली. त्यांनी भटूला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की काविळीचं सुजलेलं अंग आहे, या उकाड्यात सकाळचा चहा होईपर्यंतही धीर धरणार नाही. भटूनं चपला घातल्या आणि कारखान्याची वाट धरली.

कारखान्यात दुसऱ्या दिवशीच्या लग्नांचा सगळा माल आधीच गाड्यांवर चढला होता. शेटनं एका लग्नासाठी राखलेल्या दोन लाद्या भटूला दिल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, की भटूभाई, हे घेऊन जा, याच्यानंतर मात्र माझ्याकडे देवासाठीही बर्फ नाही. वीज दिवसभर जात-येत होती. मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडलेले डबे अजून नुसते पाण्याचेच होते, ते गोठायला आणखी दीड-दोन दिवस लागणार होते. बरोबर काम करणाऱ्या लोटूनं हाताची लारी ओढत आणली आणि दोघांनी त्या लाद्या गोणपाटात गुंडाळून नवागामला पोचवल्या.

घरी शेजाऱ्यांनी आपुलकीनं लोखंडी पलंग मोकळा करून ठेवला होता. भटूनं मान हलवली. पलंगाचे पाय तापलेल्या फरशीवर टेकलेले, तिथून गरमी वर चढायला किती वेळ लागणार. त्यानं खोलीचं लाकडी दार बिजागऱ्यांतून उतरवलं, विटांवर आडवं ठेवलं, त्यावर भाताच्या तुसाचा वीतभर थर दिला, वर कोरडं गोणपाट, मग लाद्या. लाद्यांवर प्लास्टिक, त्यावर दुहेरी चादर. मग त्यानं आणि मालतीबाईंनी मिळून रुक्मिणीला त्यावर ठेवलं. चहूबाजूंनी पुन्हा तूस, पुन्हा गोणपाट. कुठं फट राहिली नाही ना, हे तो हात फिरवून बघत होता. असा बर्फ त्यानं हजारो लोकांच्या आनंदासाठी बांधला होता. आपल्या बायकोच्या उपयोगी तो आज पहिल्यांदा पडत होता, या विचारानं त्याला हुंदका आला आणि त्याच वेळी, सांगायला लाज वाटेल, पण थोडं समाधानही वाटलं. उद्या दिवे लागेपर्यंत हा हलत नाही, असं तो लोटूला म्हणाला. लोटूनंही मान डोलावली, कारण ते खरं होतं.

सकाळी भटूनं पहिल्यांदा तुसात हात घातला. बर्फ जागच्या जागी होता, कडा जेमतेम ओलावल्या होत्या. रुक्मिणीचा चेहरा झोपल्यासारखा होता. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, की बारडोलीच्या अलीकडे मालगाडीचा डबा घसरलाय आणि ताप्ती लाइनच्या गाड्या जिथल्या तिथं उभ्या आहेत. स्टेशनावर जाऊन विचारल्याशिवाय खरं कळणार नव्हतं.

निघताना भटूनं उज्ज्वलाला जवळ बोलावलं. पोर सतरा वर्षांची, गुजराती शाळेत दहावी केलेली, आता साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या कामाला जात होती. माय गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता, नुसती उशाशी बसून होती. भटूला त्याची भीती वाटत होती. तिला काहीतरी काम द्यावं म्हणून तो म्हणाला, "बर्फवर ध्यान ठेव, बेटा. मामा येस तोपावत टिकना पायजे."

तिनं मान हलवली.

उधन्याला चौकशीच्या खिडकीशी ही गर्दी. धक्काबुक्की करत भटू पुढं पोचला तेव्हा आतल्या बाबूनं सांगितलं, की पॅसेंजर निघाली आहे, पण अडकत अडकत येईल, संध्याकाळ धरून चाला. सगळ्या गर्दीत कपाळाला हात न लावलेला माणूस एकटा भटू होता. संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ, आपला बर्फ तेवढा धरतो. लोटूला त्यानं फाटकाबाहेर बसवलं, सुकलालची खूण सांगितली, उतरला की त्याला थेट घरी आण म्हणाला. परत येताना तो सुकलालपुढं काय बोलायचं ते मनात जुळवत होता. आधी पाय धरायचे, मग बोलायचं. तुझी आक्का तुझ्यासाठी थांबली आहे, एवढंच सांगायचं.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला पाणी दिसलं. त्याच्या उंबऱ्याखालून धार निघाली होती आणि गटारापर्यंत पोचली होती. सकाळी एवढं पाणी नव्हतं. भटू खाली बसला. पाण्याच्या कडेला, जिथं ऊन पडून फरशी वाळली होती, तिथं पांढरट रेघ उमटलेली दिसली. त्यानं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

पाणी खारट होतं.

आत उज्ज्वला मायच्या उशाशी गुडघ्यांवर बसलेली होती. शेजारी खडेमिठाचं रिकामं पोतं पडलेलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून तिनं ते स्वतः ओढत आणलं होतं, गोणपाट उचलून दोन्ही लाद्यांवर अगदी खालपर्यंत मीठ पसरलं होतं आणि पुन्हा सगळं नीट झाकून ठेवलं होतं. लहानपणी ती कारखान्यात डबा घेऊन यायची, तेव्हा भटूनंच तिला ती मोठी टाकी दाखवली होती. या पाण्यात मीठ असतं म्हणून ते बर्फापेक्षाही गार होतं, असं त्यानंच तिला सांगितलं होतं. शेजारच्या गुजराती घरात आइस्क्रीमचा संचा फिरवताना बर्फात मीठ घालतात, तेही तिनं दर उन्हाळ्यात बघितलेलं.

"पप्पा, हात लावून जुओ ने," ती म्हणाली. तिचा चेहरा कालपासून पहिल्यांदा जरा जिवंत दिसत होता. "केवढं थंड झालंय. आता मामा कितीही उशिरा येऊ दे."

भटूनं हात लावला. खरंच, बोट चिकटावं इतकं गार झालं होतं. चादर कडक झाली होती आणि रुक्मिणीच्या गालावर पांढरं धुकं धरलं होतं. पोर बोलत होती त्यात काही खोटं नव्हतं. पण टाकीतलं मीठ पाण्यात असतं आणि डबे बाहेर काढेपर्यंत यंत्र त्या पाण्यातली गरमी ओढून नेत राहतं. इथं यंत्र नव्हतं. मीठ बसलेला बर्फ गार होतो तो स्वतःला वितळवून. जवळपासची सगळी गरमी तो घाईघाईनं आत ओढून घेतो आणि संपतो. शिवाय तूस भिजलं होतं. कोरडं तूस गरमी अडवतं, ओलं तूस तिला वाट करून देतं. भटूनं गोणपाट उचललं. संध्याकाळपर्यंत पुरायच्या लाद्यांचे उशीएवढे दोन तुकडे उरले होते आणि त्यांना भोकं पडली होती.

त्याच्या तोंडापर्यंत ओरडणं आलं होतं. समोर पोर बघत होती. तिचे तळहात मिठानं पांढरे झाले होते, काम करून चिरलेल्या बोटांत ते झोंबत असणार. भटूनं गोणपाट खाली टाकलं आणि म्हणाला, "हां. थंड झालंय." आणि तो बाहेर पळाला.

मग तो सुरतभर हिंडला म्हटलं तरी चालेल. मच्छीबाजारात गेला, दुसऱ्या दोन कारखान्यांत गेला, मांडवाबाहेर उभ्या असलेल्या आचाऱ्यांपुढं हात जोडले. कुणाकडेच द्यायला बर्फ नव्हता. एका गोळेवाल्यानं दया येऊन अर्धी पाटी किस दिला. तो घरी नेईपर्यंत पाटीत निम्मं पाणी झालं होतं. मालतीबाईंनी ते मुकाट्यानं रुक्मिणीच्या पोटावर ठेवलं.

दुपार झाली. पत्रा तापून कडकडायला लागला. लाद्यांच्या जागी नुसतं भिजलेलं गोणपाट राहिलं. भटू दाराच्या मोकळ्या चौकटीत बसून शिटीची वाट ऐकत होता. खोलीत उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवलेले, तरी बायका पदर नाकाशी नेऊ लागल्या होत्या आणि भटूनं ते पाहिलं की हात खाली घेत होत्या. रुक्मिणी आयुष्यभर स्वच्छतेपायी जीव टाकणारी बाई. तिच्याजवळ बसून कुणी नाक धरतंय हे भटूला बघवेना. मालतीबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"आते थांबता येवाव नही, भटू," त्या हळूच म्हणाल्या. "तिनी लाज राख."

सुकलालला दिलेला शब्द आणि रुक्मिणीची लाज, दोन्ही राखायला त्याला दोन लाद्या पुरल्या असत्या. आता एकच काहीतरी राखता येणार होतं. भटू म्हणाला, "उचला."

मालतीबाईंनी आपल्या पेटीतली न नेसलेली साडी काढून रुक्मिणीला नेसवली. सवाष्ण म्हणून हिरवा चुडा भरला, मळवट भरला. माहेरची साडी कुठं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून भटूला जास्त लागलं. पोरीनं मायच्या पायावर डोकं ठेवलं आणि आपल्या मिठाच्या हातांनी ते पाय घट्ट धरून ठेवले, बायकांना ते सोडवावे लागले.

चितेला अग्नी देऊन भटू मागं सरला आणि लाकडं चांगली पेटली, तेव्हा लांबून पॅसेंजरची शिटी ऐकू आली. त्यानं ती ओळखली. बाकीच्यांनीही ओळखली असावी, कारण बोलणारी माणसं एकदम गप्प झाली. ऊन अजून पुरतं उतरलंही नव्हतं.

सुकलाल स्मशानात आला तो पळतच आला. लोटू त्याच्या मागं होता. केस पांढरे झालेले, अंगात लग्नातला वाटावा असा कडक सदरा, हातात पिशवी. जाळ बघून तो जागच्या जागी थांबला. पिशवीतून साडी काढली, तिची घडी मोडली आणि तो जाळापाशी गेला. हिरवीगार, मोठ्या फुलांची, चमकणारी साडी होती. अमळनेरच्या बाजारातली सगळ्यांत देखणी निवडली असणार. पदराला चिकटवलेली कागदाची चिठ्ठी काढायची राहिली होती आणि तिच्यावरची सुरतेच्या मिलची छाप त्या माणसांतल्या निम्म्यांच्या रोजच्या ओळखीची होती.

त्यानं साडी चितेवर टाकली. सुती लुगडं असतं तर जळून तिच्या राखेत राख झालं असतं. ही पॉलिएस्टरची. जाळाची धग लागताच तिनं अंग चोरलं, आकसली, तिला भोकं पडली, आणि मग ती वितळून थेंबाथेंबानं लाकडांच्या बाहेरच्या अंगानं खाली गळायला लागली. खाली मातीवर पडून ते थेंब काळे, कडक होत होते. रुक्मिणीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. मागवाले खाली बघत उभे राहिले. हे कापड असंच करतं हे त्यांना माहीत होतं, सुकलालला माहीत नव्हतं. तो वाकून त्या थेंबांकडे बघत राहिला, मग भटूसमोर येऊन उभा राहिला.

"पाव्हना," तो म्हणाला, "बर्फमा जल्म काढा तुम्ही. मनी बहीनले एक दुपार ठेवता उनी नही?"

लोटूनं बोलायला तोंड उघडलं. पोरीनं बर्फावर मीठ टाकल्याचं गल्लीच्या तोंडाशीच माणसांनी त्याच्या कानावर घातलेलं होतं, सुकलाल तोवर स्मशानाकडे पळत सुटला होता. भटूनं त्याचं मनगट धरलं आणि आवळलं.

"नही उनी," भटू म्हणाला.

एवढंच बोलला. पाय धरायचे राहिले. धरायला तो वाकला तेव्हा सुकलाल मागं सरकला होता. रिकाम्या पिशवीची घडी त्यानं काखेत मारली आणि जाळाला नमस्कार करून, घराकडे न येता, आला त्याच वाटेनं स्टेशनाकडे निघून गेला. त्याला थांबवायचं धाडस कुणालाच झालं नाही, भटूला तर नाहीच.

भटू घरी आला तेव्हा दिवेलागण होत होती. खोली धुऊन काढलेली होती, दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, ओलं तूस बाहेर ढिगानं पडलेलं. बायका आपापल्या घरी पाणी तापवायला गेल्या होत्या. उज्ज्वला एकटीच भिंतीशी बसली होती. तिनं आधी त्याच्या मागं पाहिलं, कुणी आहे का म्हणून.

"मामा आले नाहीत?"

"आले होते. गेले."

तिनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. तो पाणी पिईपर्यंत उभी राहिली. मग खाली बघत, आपली बोटं एकमेकांत अडकवत तिनं विचारलं, "पप्पा, मीठ कमी पडलं का? मालतीबाईंकडं अजून होतं. मी तेही आणायला पाहिजे होतं."

भटूनं तांब्या खाली ठेवला. खरं काय ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं आणि आज ना उद्या, कुठंतरी, कुणाकडून तरी ते या पोरीलाही कळणार होतं. ते आज कळू नये, एवढंच त्याच्या हातात होतं.

"नाही बेटा," तो म्हणाला. "मीठ पुरेसं होतं. बर्फच कच्चा निघाला. मी बघून घ्यायला पाहिजे होता."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे मी केलं ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

तेव्हा कुठं ती पोर रडली. कालपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं, तिला उभं राहवेना. भटूनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, की बरोबर होतं, अगदी बरोबर होतं, मायला बरं वाटलं असेल.